आठवणीची खोली

चित्र भिंतीवर टांगलेले असते आणि शिल्प चौथऱ्यावर उभे असते, त्यामुळे पाहणाऱ्याला त्यांच्यापासून थोडे अंतर राखूनच पाहावे लागते. मांडणशिल्पात हे अंतर काढून घेतलेले असते, कारण तेथे वस्तू, चित्रे, प्रकाश, ध्वनी आणि पडद्यावरची चलत्‌चित्रे यांनी मिळून घडवलेली सबंध जागा हीच कलाकृती ठरते आणि पाहणारा तिच्या आत शिरतो, तिच्यातून चालतो, काही काळ तिच्यात थांबतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगभर रूढ झालेल्या या प्रकारात नाना विषय हाताळले गेले असले, तरी त्याचा सर्वांत खोल उपयोग कलावंताच्या खासगी आठवणीला सार्वजनिक रूप देण्यासाठी झाला आहे. त्याचे कारण आठवणीच्या स्वभावातच सापडते. आठवण सलग कथेच्या रूपात क्वचितच येते. ती एखाद्या वासातून, जिन्यावरच्या पावलांच्या आवाजातून, अर्धवट उघड्या दारातून पडलेल्या उजेडातून येते, तिच्यातले महत्त्वाचे दुवे गळून गेलेले असतात आणि एखादा क्षुल्लक तपशील मात्र अवास्तव मोठा झालेला असतो. असे तुटक आणि एकाच वेळी अनेक इंद्रियांना जागवणारे द्रव्य एका चौकटीत बसवण्यापेक्षा खोलीभर पसरणे अधिक स्वाभाविक असते.

तथापि या स्वाभाविकतेतच मोठा धोका आहे. आजीची पेटी, वडिलांची पत्रे, पाडलेल्या घराच्या दाराची कडी अशा वस्तू मंद प्रकाशात मांडल्या आणि त्यांच्यामागे एखादी करुण धून लावली की पाहणाऱ्याचे मन हेलावते, परंतु ते त्या वस्तूंच्या जुनेपणाने हेलावलेले असते. कलावंताने त्यात फारसे काही घडवलेले नसते. कलावंत आपल्या आठवणीतून स्वतःला बऱ्याच अंशी वजा करतो आणि उरलेल्या द्रव्याची अशी रचना उभारतो की तिच्यात शिरणाऱ्या परक्या माणसालाही उभे राहायला जागा मिळेल, तेव्हाच खासगी आठवणीचे मांडणशिल्प होते. त्यासाठी भावनेची तीव्रता पुरत नाही; माध्यमाची जाण, मोजमाप आणि संयम या गोष्टी लागतात. मुंबईत राहून काम करणाऱ्या नलिनी मलानी यांच्या पाच दशकांहून अधिक काळाच्या निर्मितीत ही प्रक्रिया जितकी स्पष्ट दिसते, तितकी भारतात अन्यत्र क्वचितच दिसते, आणि म्हणून या विवेचनाचा मोठा भाग त्यांच्या कामाकडे वळणार आहे.

त्याआधी या प्रकाराला सैद्धांतिक पाया देणाऱ्या एका कलाकृतीचा विचार करणे आवश्यक आहे. सोव्हिएत युक्रेनमध्ये १९३३ साली जन्मलेले इल्या काबाकोव्ह यांनी 'संपूर्ण मांडणशिल्प' अशी संकल्पना मांडली. भिंती, छत, दिव्यांचा मंदपणा, जमिनीवरचा कचरा आणि हवेतला आवाज हे सर्व कलावंताच्या ताब्यात असावे आणि आत आलेल्या माणसाला बाहेरच्या संग्रहालयाचा विसर पडावा, असा तिचा अर्थ आहे. त्यांची १९९० मधील 'लॅबिरिंथ (माझ्या आईचा आल्बम)' ही कृती आज लंडनच्या टेट संग्रहालयाकडे आहे. जुन्या सोव्हिएत सामायिक घरांत असत तसा एक कळकट, वळणे घेत जाणारा बोळ, त्याला लागोपाठ दारे, वर मिणमिणते दिवे, आणि दोन्ही भिंतींवर चौकटींत लावलेले ७६ कागद अशी तिची रचना आहे. कलावंताच्या आईने वयाच्या ऐंशीच्या सुमारास मुलाच्या आग्रहावरून आपल्या आयुष्याची हकिकत लिहून काढली होती. त्या हकिकतीचे तुकडे या कागदांवर आहेत आणि त्यांच्या जोडीला कलावंताच्या एका नातलगाने काढलेली बेर्द्यान्स्क या बंदराच्या गावाची प्रसन्न छायाचित्रे आहेत. बोळाच्या मध्यभागी एका छोट्या खोलीतून काबाकोव्ह यांच्याच आवाजात बालपणीची रशियन गाणी हलकेच ऐकू येतात.

या कृतीत उपासमार, बेघरपणा आणि एकटीने मुलाला वाढवण्याची ओढाताण या गोष्टी आईने सांगितल्या आहेत, पण पाहणाऱ्यावर परिणाम करतो तो बोळ. शेवट दिसत नाही, परत फिरावे तर आलेली वळणे पुन्हा ओलांडावी लागतात, उभ्याने वाचता वाचता पाय दुखू लागतात आणि छायाचित्रांतील ऊन व मजकुरातील काळोख यांच्यात मन ओढले जाते. आईच्या आयुष्याला जो वेळ लागला, त्याचा अल्पसा अंश पाहणाऱ्याच्या शरीराला द्यावा लागतो, आणि तो दिल्यावरच तिची हकिकत त्याच्यापर्यंत पोहोचते. फ्रेंच कलावंत क्रिस्तियाँ बोल्तान्स्की यांनी जपानमधील तेशिमा बेटावर २०१० मध्ये उभारलेल्या 'हृदयांचे अभिलेखागार' या कृतीत याच तत्त्वाचे आणखी सुटसुटीत रूप आढळते. तेथे अंधाऱ्या दालनात जगभरच्या माणसांच्या हृदयाचे ध्वनिमुद्रित ठोके ऐकू येतात, त्या ठोक्यांबरोबर दिवा उजळतो आणि विझतो, आणि इच्छा असेल तर भेट देणारा स्वतःचे ठोकेही तेथे ठेवून जाऊ शकतो.

काबाकोव्ह यांच्यापाशी निदान आईची लेखी हकिकत होती. नलिनी मलानी यांच्यापुढचा पेच त्याहून अवघड होता, कारण ज्या घटनेने त्यांचे आयुष्य घडवले, ती त्यांना आठवणे शक्यच नव्हते. त्यांचा जन्म १९४६ मध्ये कराचीत झाला. फाळणी झाली तेव्हा त्या तान्ह्या होत्या. कुटुंब निर्वासित होऊन कोलकात्याला आले आणि १९५४ मध्ये मुंबईत, विस्थापित सिंधी कुटुंबांसाठी बांधलेल्या वसाहतीत स्थिरावले. पंजाब आणि बंगाल या प्रांतांचे दोन तुकडे झाले, त्यामुळे त्या भाषकांना सीमेच्या अलीकडेही आपला म्हणावा असा मुलूख उरला. सिंध मात्र अखंड पाकिस्तानात गेला आणि सिंधी हिंदूंना भारतात स्वतःचा प्रांत उरला नाही. महाराष्ट्राला या इतिहासाची जवळून ओळख आहे, कारण कल्याणजवळच्या लष्करी छावणीचे १९४९ मध्ये उल्हासनगर झाले, आणि पिंपरी, चेंबूर, कोल्हापूरजवळचे गांधीनगर येथेही याच माणसांनी शून्यातून संसार उभे केले. या वसाहतींत वाढलेल्या मुलांनी सिंध पाहिलेला नव्हता, परंतु सिंध त्यांच्या घरात रोज हजर असे: वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात, सणाच्या स्वयंपाकात, आणि काही विषय निघाला की पसरणाऱ्या शांततेत.

अमेरिकेतील अभ्यासक मारियान हिर्श यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी अशा स्मृतीसाठी 'पोस्टमेमरी' ही संज्ञा रूढ केली. मराठीत तिला उत्तरस्मृती म्हणता येईल. आईवडिलांवर कोसळलेले संकट पुढच्या पिढीने अनुभवलेले नसते, तरी गोष्टी, छायाचित्रे, वागण्यातल्या धास्ती आणि न सांगितलेल्या गोष्टी यांतून ते इतके खोल झिरपते की मुलांना ते स्वतःच्या आठवणीसारखेच वाटू लागते, असे त्या संज्ञेचे सार आहे. ज्यू संहाराच्या संदर्भात सुचलेली ही कल्पना फाळणीच्या दुसऱ्या पिढीला तंतोतंत लागू पडते. या प्रकारच्या स्मृतीत भावना पक्की असते आणि तपशील पुसट असतो. घराचा नकाशा माहीत नसतो, पण घर गेल्याचे माहीत असते. अशा कलावंताला आठवण 'दाखवता' येत नाही. तिला घडवावे लागते, आणि घडवताना इतरांच्या आठवणी, वृत्तचित्रे, कथा आणि मिथके उसनी आणावी लागतात. मलानी यांच्या कामात एवढ्या परक्या कथा का येतात, या प्रश्नाचे उत्तर येथे आहे.

त्यांची माध्यमांची तयारी मुंबईतच झाली. सर ज. जी. कला महाविद्यालयात शिकत असताना वॉर्डन रोडवरील भुलाभाई मेमोरियल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना काम करायला खोली मिळाली होती. चित्रकार, नाटकवाले, नर्तक आणि वादक एकाच छपराखाली वावरत अशी ती वास्तू होती, आणि एका कलेची भिंत दुसरीला लागून असते हा अनुभव त्यांना विशीत आला. पदविका मिळाली त्याच वर्षी, म्हणजे १९६९ मध्ये, चित्रकार अकबर पदमसी यांनी आपल्या नेहरू अभ्यासवृत्तीच्या पैशातून 'व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप' सुरू केले आणि तेथे मलानी यांनी 'ड्रीम हाउसेस' हा छोटा सचेतपट केला. रंगांचे आणि उजेडाचे घनाकार एकमेकांत विरघळत जाणाऱ्या या सचेतपटात नव्या राष्ट्राच्या नव्या घरांविषयीचा भाबडा म्हणावा इतका विश्वास आहे. १९७६ मध्ये त्यांनी याच्या शेजारी दुसरी, कृष्णधवल फीत ठेवली, जिच्यात उंच इमारतीतून एक तरुणी खाली पसरलेल्या झोपड्यांकडे पाहते, आणि दोन्ही फिती एकत्र दाखवल्या जाणाऱ्या कृतीला 'युटोपिया' असे नाव दिले. सात वर्षांच्या अंतराने काढलेली दोन चित्रणे शेजारी ठेवताच मधल्या काळात विश्वासाचे काय झाले हे निवेदनाचा एकही शब्द न वापरता कळते. निर्वासित कुटुंबातील मुलीने पहिल्याच प्रयोगासाठी घर हा विषय निवडावा, यात योगायोगापेक्षा बरेच अधिक काही आहे.

पुढची दीड दशके त्या प्रामुख्याने चित्रे काढत राहिल्या. मात्र १९९१ मधील 'अ‍ॅलीवे, लोहार चाळ' या कृतीत चित्र भिंतीवरून उतरले. दक्षिण मुंबईतील विजेच्या सामानाच्या घाऊक बाजारपेठेत, लोहार चाळीत, त्यांचा स्टुडिओ होता. तेथील हमाल, फेरीवाले आणि रस्त्यावर राहणारी माणसे त्यांनी पाच पारदर्शक तावांवर रंगवली, ते ताव छतापासून एकामागे एक टांगले, खाली दगड ठेवले, आणि पाहणाऱ्याला त्यांच्यामधून चालायला लावले. गल्लीत जसे एका माणसाच्या आडून दुसरा दिसतो, तशा येथे आकृत्या एकमेकींतून दिसतात आणि पलीकडून येणारा दुसरा प्रेक्षकही चित्रात मिसळून जातो.

हे ताव मायलारचे, म्हणजे पॉलिएस्टरच्या चिवट, पारदर्शक पातळ थराचे होते आणि त्यांच्यावरचे रंगकाम उलट्या बाजूने केलेले होते. काचेच्या मागच्या बाजूला चित्र काढून पुढून पाहण्याचा हा प्रकार अठराव्या शतकात चीनमार्गे भारतात आला आणि नंतर देवादिकांच्या व दरबारी व्यक्तींच्या काचचित्रांतून पसरला. मलानी यांनी तो चित्रकार भूपेन खख्खर यांच्याकडून शिकून घेतला. त्यात सगळा क्रम उलटा असतो: डोळ्यातली चमक, दागिन्याची रेघ, ओठांची कड हे एरवी शेवटी यायचे तपशील आधी रंगवावे लागतात, मग चेहरा, मग कपडे आणि सर्वांत शेवटी पार्श्वभूमी. एकदा पुढचा थर चढला की आधीचे दुरुस्त करता येत नाही. आठवणही अनेकदा अशीच उलटी भरते, आधी एक लखलखीत तपशील आणि मग मागाहून, अंदाजाने, त्याच्याभोवतीचे जग. तंत्राची आणि विषयाची अशी आतून जुळलेली गाठ सापडणे, हे कलावंताच्या आयुष्यातले मोठे भाग्य असते.

त्यानंतर डिसेंबर १९९२ आला. बाबरी मशीद पाडली गेली, मुंबईत डिसेंबर आणि जानेवारीत दंगली उसळल्या, आणि ज्यांनी फाळणी फक्त ऐकली होती त्यांना ती आपल्या रस्त्यांवर दिसली. भारतीय कलेत मांडणशिल्पाची वाट याच काळात रुंदावली, हे विसरता कामा नये. परदेशी प्रदर्शनांचे आकर्षण त्यात होते, परंतु कॅनव्हास अपुरा पडत असल्याची भावना अधिक खरी होती. कलावंत विवान सुंदरम यांनी मुंबईच्या रस्त्यावर निपचित पडलेल्या एका अनोळखी माणसाचे होशी जाल यांनी टिपलेले वृत्तपत्रीय छायाचित्र घेतले, त्याच्या प्रती खिळ्यांनी ठोकल्या, झाकल्या, पेट्यांत ठेवल्या आणि १९९३ मध्ये त्यातून 'मेमोरियल' उभे केले. ज्याला स्मारक मिळण्याची शक्यता नव्हती, त्याच्यासाठी ते दालनभर पसरलेले स्मारक होते.

रुम्माना हुसेन यांचे उदाहरण याहूनही वैयक्तिक आणि, या विषयाच्या दृष्टीने, कदाचित सर्वांत धैर्याचे आहे. १९५२ मध्ये बंगळूरला जन्मलेल्या या चित्रकर्तीने दंगलींनंतर चित्रकला जवळजवळ सोडून दिली. जिने आपल्या मुसलमान असण्याचा फारसा विचारही केला नव्हता, तिला शहराने एका आठवड्यात ते सांगितले. त्या अनुभवातून तिने फुटलेली मातीची मडकी, गेरू, नीळ आणि आरसे घेऊन काम सुरू केले. मडक्याचा अर्धा भाग आरशावर ठेवला की प्रतिबिंबात तो पूर्ण दिसतो आणि हाताला मात्र अर्धाच लागतो, एवढ्या साध्या योजनेत त्या काळाची जखम आहे. १९९५ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रात तिने सादरीकरण केले, तेव्हा पायात घुंगरू, हातात कापलेल्या पपईची फोड आणि आवाज न फुटता उघडलेले तोंड यांच्यापलीकडे तिने फारसे काही वापरले नाही. याच सुमारास तिला कर्करोगाने गाठले. ब्रिस्बेन येथील १९९९ च्या आशिया-पॅसिफिक त्रैवार्षिकीसाठी तिने केलेल्या 'अ स्पेस फॉर हीलिंग' या अखेरच्या मोठ्या कृतीत रुग्णालय, कबर आणि प्रार्थनास्थळ एकाच खोलीत आणले आहेत: शेंदरी भिंती, त्यांच्यावर लिपीसारखी लावलेली लोखंडी अवजारे, जमिनीवर स्ट्रेचरही वाटाव्यात आणि नमाजाच्या चटयाही वाटाव्यात अशा सोनेरी आकृती, आणि ध्वनी. त्याच वर्षी तिचे निधन झाले. या खोलीत तिचा आजार कोठेही सांगितलेला नाही, तिचे छायाचित्र नाही, रोगाचे नाव नाही. तरीही आत शिरलेल्या माणसाला आपण कोणाच्या तरी मरणाच्या शेजारी उभे आहोत आणि तेथे बरे होण्याची आशाही जिवंत आहे हे कळते. स्वतःला वजा करणे म्हणजे काय, याचे याहून नेमके उदाहरण देता येणार नाही.

मलानी यांचे 'रिमेंबरिंग टोबा टेक सिंग' हे मांडणशिल्पही याच दशकाच्या अखेरीस झाले. मे १९९८ मध्ये पोखरणला आणि पाठोपाठ पाकिस्तानात चगाईला अणुचाचण्या झाल्या, दोन्ही देशांत रस्त्यांवर पेढे वाटले गेले, आणि फाळणीने घर गमावलेल्या कुटुंबातील या कलावंताला सआदत हसन मंटो यांची १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेली कथा आठवली. लाहोरच्या वेड्यांच्या इस्पितळातील बिशन सिंग हा रुग्ण, आपले गाव कोणत्या देशात गेले हे न उमगून, दोन तारकुंपणांमधल्या कोणाच्याच नसलेल्या जमिनीवर कोसळतो, ही ती कथा. मलानी यांनी कथेचे चित्रण केले नाही. त्यांनी पाहणाऱ्याला त्या मधल्या जमिनीवर उभे केले. समोरासमोरच्या भिंतींवर दोन स्त्रिया दिसतात, एक भारतातली आणि एक पाकिस्तानातली. त्या दोघी मिळून एका साडीची घडी घालू पाहतात. घडी घालायला दोन माणसे लागतात, टोके जुळवायला एकमेकींकडे चालत यावे लागते, आणि येथे त्यांच्यामध्ये सबंध खोली आहे, जिच्यात प्रेक्षक उभा आहे. जमिनीवर चमकदार मायलार आहे, त्यामुळे पायाखालीही प्रतिमा हलतात. मधे बारा पत्र्याच्या ट्रंका आहेत, त्यांच्यात रजया आणि दूरचित्रवाणीचे संच आहेत, आणि त्या संचांवर जगात ठिकठिकाणी घर सोडून निघालेल्या माणसांची दृश्ये चालू आहेत. अणुस्फोटाची जुनी चित्रणे या सगळ्यावर पसरतात.

निर्वासितांच्या घरात ट्रंकेला काय मोल असते हे मुंबईत वेगळे सांगावे लागत नाही. कराचीहून आलेल्या कित्येक कुटुंबांजवळ आणलेली तेवढीच स्थावर-जंगम मालमत्ता होती. तरीही या ट्रंका मलानी कुटुंबाच्या म्हणून मांडलेल्या नाहीत, आणि हा निर्णय कृतीला मोठे करतो. वाकून आत पाहणाऱ्या प्रत्येकाला आपल्या घरच्या माळ्यावरची ट्रंक आठवते, मग तो कोकणातून गिरणीत आलेल्या कामगाराचा नातू असो की धरणाखाली गाव गेलेल्या शेतकऱ्याची मुलगी. ही कृती मुंबईत त्या वेळच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात दाखवली गेली, हेही महत्त्वाचे आहे. खासगी कलादालनाची पायरी कधी न चढलेला, शाळेच्या सहलीतून किंवा गावाहून आलेल्या पाहुण्यांबरोबर संग्रहालय पाहायला आलेला प्रेक्षक तिला मिळाला. साडीची ती न जमणारी घडी ही भारतीय दृश्यकलेने फाळणीविषयी निर्माण केलेली सर्वांत समर्थ प्रतिमा आहे, असे म्हणण्यास संकोच वाटू नये.

२००५ मध्ये केलेल्या 'मदर इंडिया: ट्रान्झॅक्शन्स इन द कन्स्ट्रक्शन ऑफ पेन' या पाच पडद्यांच्या कृतीत त्या याच घटनेकडे पुन्हा वळल्या, आणि या वेळी आधार होता मानवशास्त्रज्ञ वीणा दास यांच्या निबंधाचा. फाळणीत पळवल्या गेलेल्या स्त्रियांना परत आणण्यासाठी १९४९ मध्ये कायदा झाला, अनेकींना त्यांची इच्छा न विचारता 'परत' केले गेले, आणि त्या स्त्रिया त्याविषयी आयुष्यभर बोलल्या नाहीत. ज्या वेदनेला भाषाच मिळाली नाही ती शरीरात कशी राहते, हा त्या निबंधाचा विषय आहे. २००२ च्या गुजरातमधील हिंसाचारानंतर हा विषय इतिहासाचा राहिला नव्हता.

मलानी यांनी विकसित केलेल्या 'व्हिडिओ-छायानाट्य' या प्रकारात त्यांची सगळी पूर्वतयारी एकत्र येते. उलट्या बाजूने रंगवलेले मायलारचे मोठे नळकांडे छताला टांगतात, मोटरच्या साह्याने ते संथ फिरत राहते, प्रक्षेपकाचा झोत त्याच्यातून जातो, आणि रंगवलेल्या आकृतींच्या सावल्या चलत्‌चित्रावर पडून भिंतीवरून सरकत जातात. दिवाळीत दिव्याच्या उष्णतेने फिरणारा आणि भिंतीवर चित्रे पळवणारा कागदी कंदील ज्यांनी पाहिला आहे, त्यांना याचे मूळ तत्त्व समजावण्याची गरज नाही. सिंधुदुर्गातील पिंगुळी येथील ठाकर समाजाने जपलेला चामड्याच्या बाहुल्यांचा खेळही याच तत्त्वावर चालतो: अर्धपारदर्शक रंगवलेली कातडी, मागे दिवा, पुढे पडदा, आणि कथा सांगणारा आवाज. मलानी यांच्या खोलीत मात्र पडद्याची पुढची आणि मागची बाजू वेगळी राहत नाही. प्रेक्षक दिव्याच्या वाटेत येतो, त्याची सावली कथेतल्या सावल्यांत मिसळते, आणि बाजूला होण्याचा प्रयत्न केला तर ती दुसऱ्या भिंतीवर उमटते. हिंसेच्या कथेत तटस्थ उभे राहण्याची सोय नाही, हे येथे कोणी बोलून दाखवत नाही. ते शरीराला कळते.

कास्सेल येथील तेराव्या 'डॉक्युमेंटा' या जर्मनीतील कलाप्रदर्शनात २०१२ साली दाखवलेले 'इन सर्च ऑफ व्हॅनिश्ड ब्लड' हे या प्रकारातले सर्वांत गाजलेले काम होय. त्याचे नाव फैज अहमद फैज यांच्या कवितेवरून घेतले आहे, आणि त्यात सहा प्रक्षेपणे व पाच फिरती नळकांडी आहेत. आपत्ती आधीच दिसते पण जिच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही अशी ग्रीक पुराणातील कॅसांड्रा, जर्मन लेखिका क्रिस्टा वोल्फ यांनी केलेली तिची पुनर्मांडणी, महाश्वेतादेवींच्या कथेतली द्रौपदी, हायनर म्युलर आणि रिल्के यांचे शब्द असे अनेक प्रवाह त्यात आहेत. दृश्य म्हणून ही कृती विलक्षण आहे. परंतु संदर्भांची दाटी इतकी आहे की माहीतगाराचे लक्ष ओळख पटवण्यात गुंतते आणि इतरांना आपले काही निसटते आहे अशी रुखरुख लागते. 'टोबा टेक सिंग'मध्ये एका साडीने जे साधले, ते येथे अनेक ग्रंथ मिळून साधतात, आणि या तुलनेत साडी सरस ठरते. मलानी यांच्या कामाविषयीचा आदर कमी न करता हे नोंदवणे आवश्यक आहे.

या सर्व कृतींमागचे कौशल्य बऱ्याच अंशी वेळ मोजण्याचे असते, आणि त्याची चर्चा क्वचितच होते. चलत्‌चित्र संपताच पुन्हा सुरू होते, त्यामुळे प्रेक्षक कोणत्याही क्षणी आत येतो हे गृहीत धरून आरंभ आणि शेवट नसलेली रचना करावी लागते. वेगवेगळ्या लांबीच्या फिती शेजारी चालवल्या की त्यांच्या जुळण्या सतत बदलतात आणि तीच खोली दुसऱ्यांदा तशीच दिसत नाही. आवाज कोठून यावा, दोन आवाज एकमेकांवर आले तर कोणता शब्द ऐकू यावा, अंधार किती असावा की माणूस अडखळणार नाही पण शेजाऱ्याचा चेहराही दिसणार नाही, या प्रत्येक गोष्टीवर भावनेचे पोहोचणे अवलंबून असते.

पुढे यंत्र आणि हात यांच्यातले अंतरही मलानी यांनी मिटवले. कठुआ येथे २०१८ मध्ये आठ वर्षांच्या मुलीवर झालेल्या अत्याचाराने आणि तिच्या हत्येने व्यथित होऊन आकाराला आलेल्या 'कॅन यू हिअर मी?' या कृतीतली चित्रे त्यांनी आयपॅडवर बोटाने काढली. वहीत टिपून ठेवावे तसे हे छोटे सचेतपट साठत गेले, आणि लंडनच्या व्हाइटचॅपल गॅलरीत २०२० मध्ये ८८ सचेतपट नऊ प्रक्षेपणांतून विटांच्या उघड्या भिंतींवर एकमेकांवर आदळताना दिसले. येथे रेघ घाईची आहे, चिडलेली आहे, मधेच पुसलेली आहे. सत्तरी ओलांडलेल्या कलावंताने नव्या साधनातून आपल्या रागाला इतके ताजे रूप द्यावे, ही गोष्ट तरुण कलावंतांनी लक्षात घेण्यासारखी आहे. २०२३ मध्ये त्यांना कला आणि तत्त्वज्ञान या विभागातील क्योटो पुरस्कार मिळाला.

अलीकडे मोठ्या शहरांत प्रसिद्ध चित्रे भिंतीभर प्रक्षेपित करून, संगीत लावून, तिकिटे विकली जातात आणि त्यांनाही प्रेक्षकाला वेढून टाकणारा कलानुभव म्हटले जाते. लोकांनी तेथे जाण्यात काहीही गैर नाही, पण दोन्ही गोष्टींना एकच नाव देणे अन्यायाचे आहे. आकार वाढवल्याने चित्राला नवा अर्थ येत नाही. तेथे प्रेक्षक कोठेही उभा राहिला तरी काही बदलत नाही, आणि त्याच्याकडून काही मागितलेही जात नाही. साडीची घडी घालणाऱ्या दोघींच्या मधे उभ्या असलेल्या माणसाकडून मात्र खूप काही मागितले जाते.

आता या कृतींच्याच आठवणीचा प्रश्न उभा राहिला आहे. ट्रंकांतले जुन्या पद्धतीचे काचनळीचे दूरचित्रवाणी संच आता तयार होत नाहीत, १९९० च्या दशकातील फितींचा दर्जा दरवर्षी खालावतो, आणि मायलारवरचा रंग काळाबरोबर सुटू शकतो. न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयाने या शतकाच्या आरंभापासून अशा कृतींसाठी एक पद्धत बसवली, जिच्यात कलावंत हयात असतानाच त्याला विचारून ठेवले जाते की कोणता भाग बदलला तरी चालेल आणि कोणता बदलला तर कृतीच राहणार नाही. रुम्माना हुसेन आणि २०२३ मध्ये निवर्तलेले विवान सुंदरम यांना हे प्रश्न आता विचारता येणार नाहीत. मुंबईत ज्यांनी १९९० च्या दशकापासून मांडणशिल्पे केली, त्यांतील बरेच कलावंत, त्यांचे सुतार, वीजतंत्री, ध्वनिमुद्रक आणि छायाचित्रकार अजून आपल्यात आहेत. १८५७ पासून कलाशिक्षण देणाऱ्या ज. जी. महाविद्यालयाने, राज्यातील संग्रहालयांनी आणि कलेतिहासाच्या विद्यार्थ्यांनी त्यांच्याशी आत्ताच बोलावे, रेखाटने, जोडणीचे आराखडे आणि मूळ फिती यांची नोंद मराठीत करावी, आणि हे काम पुढच्या पिढीवर ढकलू नये.